आजोबांना काळी हॅट घालू नका

तुमचं पत्र लांबलचक आहे, पण इतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात मांडते. आजी रेवदंड्याची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. १९६१ मध्ये सगळं बिऱ्हाड इस्रायलला गेलं आणि दिमोनाला स्थिरावलं. तुमची आई पुढे लग्न होऊन ठाण्याला परत आली, तुम्ही इथेच वाढलात. आता आजीवर शंभरेक पानांची चित्रकथा करायला घेतली आहे आणि गाडी पहिल्याच पानावर अडली आहे. आजी-आजोबा दिसायला शेजारच्या पाटील-म्हात्र्यांसारखेच, मग ते ज्यू आहेत हे वाचकाला कळणार कसं? मित्र म्हणतात, दाढी वाढव, टोपी घाल, भिंतीवर सहा टोकांची चांदणी टांग. दुसरी अडचण, थोरल्या मामाच्या १९६३ च्या लग्नाबद्दल मामा एक सांगतात आणि मावशी भलतंच. आणि जाता जाता तुम्ही विचारलंय की कॉमिक्सच्या धंद्यात ज्यू माणसं एवढी कशी, आणि त्यांनी हा ‘दिसण्याचा’ प्रश्न कसा सोडवला.

मी पंचवीस वर्षं चित्रकथा काढते आहे आणि त्यातली पंधरा शिकवते आहे. तुम्ही पाठवलेली दोन पानं मी मोठी करून पाहिली. पहिल्या पानावरचे आजोबा रेवदंड्याचे वाटतच नाहीत. काळी उंच हॅट, कानांवरून लोंबणाऱ्या बटा, पायघोळ काळा झगा हा पोलंड-युक्रेनकडच्या हसिदी ज्यूंचा वेश झाला. कोकणातल्या मे महिन्यात त्या झग्यात माणूस अर्ध्या तासात आडवा होईल. दुसऱ्या पानावर मात्र खालच्या कोपऱ्यात एक बोटभर चौकट आहे. त्यात आजी विळीवर नारळ खवते आहे आणि वर न बघता कुणाला तरी झापते आहे. ती चौकट खरी आहे. पहिलं पान सोडून द्या आणि त्या चौकटीपासून सुरुवात करा. असं का म्हणते, ते आता सांगते.

‘एवढे कसे’ याचं उत्तर त्यातल्या त्यात सोपं आहे. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या जाहिरात संस्थांची आणि प्रतिष्ठित मासिकांची दारं ज्यू पोरांना बहुतेक बंदच होती. कॉमिक बुक हा तेव्हा छपाईधंद्यातला सगळ्यात हलका माल. स्वस्त कागद, भडक रंग, पानामागे ठरलेले पैसे, आणि आडनाव विचारायला कुणाला फुरसत नाही. प्रकाशकांतही ज्यू बरेच होते, त्यामुळे नात्यागोत्यातून माणसं लागत गेली. पुढे मार्व्हल कॉमिक्समुळे गाजलेला स्टॅन ली सतराव्या-अठराव्या वर्षी चिकटला तो प्रकाशक मार्टिन गुडमनच्या बायकोचा नातलग म्हणून. स्टॅन ली हे नावही नंतरचं, मूळचा तो स्टॅनली लीबर. चित्रकारांत जेकब कर्ट्झबर्गचा जॅक कर्बी झाला, रॉबर्ट कानचा बॉब केन.

क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन १९३८ मध्ये छापून आला. हक्क त्यांनी १३० डॉलरला विकून टाकले होते. त्याचं मूळ नाव काल-एल, आणि हिब्रूत ‘एल’ म्हणजे देव, शिवाय टोपलीतून नदीत सोडलेला मोशे आणि यानातून सोडलेलं बाळ, असं बरंच काही लिहिलं जातं. मला ते वाचन ताणलेलं वाटतं. माझ्या मते त्या कथेत स्थलांतरिताच्या पोराचं काही असेल तर ते सुपरमॅनच्या रोजच्या साध्या रूपात, क्लार्क केंटमध्ये आहे. नाव वेगळं, चष्मा, खाली मान, कचेरीत कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही की आपण मूळचे कुठले.

त्या पिढीचं असंच होतं. जो सायमन आणि कर्बी यांच्या कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ ही तारीख आहे, पण अंक १९४० च्या डिसेंबरातच बाजारात आला होता. मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतो आहे, आणि अमेरिका युद्धात उतरायला अजून वर्ष होतं. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या दाटीवाटीत वाढलेल्या दर्जीकामगाराच्या मुलाने तो ठोसा काढला, पण मारणारा हात दिला सोनेरी केसांच्या स्टीव्ह रॉजर्सला, म्हणजे कॅप्टन अमेरिकाला. कर्बीचाच ‘थिंग’ घ्या. १९६१ मधला हा दगडी अंगाचा, तोंडाळ, प्रेमळ माणूस. हनुका या ज्यू सणाच्या स्वतःच्या शुभेच्छापत्रासाठी कर्बीने त्याला डोक्यावर किप्पा, म्हणजे ज्यूंची छोटी गोल टोपी, आणि खांद्यावर प्रार्थनेची शाल घालून काढलं होतं. छापील अंकात मात्र तो ज्यू असल्याचं उघड झालं ते २००२ मध्ये. मरणाच्या दारातल्या एका म्हाताऱ्या दुकानदारापाशी बसून तो ‘शमा’ म्हणतो. चाळीस वर्षं लागली एका प्रार्थनेला.

हे सगळं लपवणं नुसत्या भित्रेपणातून आलेलं नव्हतं. आपल्या धंद्याची एक गोची आहे. चित्रकथा चालते अतिशयोक्तीवर. चार रेघांत माणूस ओळखू यावा म्हणून आपण नाक वाढवतो, पोट फुगवतो, पाठ वाकवतो. नेमक्या याच हत्याराने युरोपातल्या व्यंगचित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्यू माणूस काढला होता, आणि १९२३ मध्ये सुरू झालेल्या ‘डेर श्टुर्मर’ या नाझी साप्ताहिकाने त्याचा कळस केला. आकडेबाज नाक, जाड ओठ, पैशांच्या थैलीवर बोटं. म्हणजे ज्यू चित्रकाराला आपला माणूस ‘पटकन ओळखू येईल असा’ काढायचा तर शत्रूने घडवलेला साचाच हाताशी होता. तुमच्या मित्रांचा सल्ला त्याच साच्याचा सौम्य अवतार आहे. वाईट हेतूने दिलेला नाही, पण सल्ला तोच.

या साच्याशी सगळ्यात लांब झुंज दिली विल आइसनरने. १९१७ मध्ये ब्रुकलिनमध्ये जन्मलेला, १९४० पासून ‘द स्पिरिट’ ही चित्रमालिका काढणारा. एकसष्टाव्या वर्षी, १९७८ मध्ये, त्याने ‘अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड’ हे पुस्तक काढलं. ग्राफिक नॉव्हेल हा शब्द त्या पुस्तकामुळे रुळला. त्यातली पहिली गोष्ट फ्रिमे हर्श नावाच्या भाविक माणसाची. लहानपणी रशियात असताना त्याने एका दगडावर देवाशी करार लिहिलेला असतो, की मी चांगलं वागेन, तू माझ्याशी न्यायाने वाग. गोष्ट सुरू होते तेव्हा तो ब्रॉन्क्समधल्या ड्रॉप्सी अव्हेन्यूवर, मुलीला पुरून, धो धो पावसात एकटा घरी चालला आहे. तो पाऊस एकदा बघाच. आइसनर पाऊस काढत नाही, ओततो. चौकटींच्या कडा वाहून गेल्यासारखी पानं आहेत, जिन्यावर पाण्याची थारोळी आहेत. पुष्कळ वर्षांनी आइसनरने सांगितलं की त्याची स्वतःची सोळा वर्षांची मुलगी १९७० मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली होती.

तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. हर्शला दाढी आहे. देवाने करार मोडला म्हणून तो त्याच्याशी भांडतो, दगड खिडकीबाहेर भिरकावतो आणि दाढी काढून टाकतो. मग घरं विकत घेत जातो, भाडेकरूंना पिळतो, श्रीमंत होतो. इथे दाढी वेश म्हणून चिकटवलेली नाही, ती कथेतली घटना आहे. ती जाते तेव्हा वाचकाच्या पोटात कालवतं. तुमच्या आजोबांची टोपी कधी डोक्यावर येते आणि कधी उतरते हे तुम्हाला माहीत असेल तर ती जरूर काढा. फक्त ओळख पटवायला असेल तर नको.

आइसनरचं आणखी एक सांगते, कारण शिकवताना मी हे कधीच गाळत नाही. याच माणसाने ‘द स्पिरिट’मध्ये एबनी व्हाइट नावाचा कृष्णवर्णीय पोरगा काढला होता, जाड ओठ, बटबटीत डोळे, अगदी त्या काळच्या विकृत साच्यातला. म्हातारपणी त्याला ते टोचत राहिलं. २००३ मध्ये त्याने ‘फेगिन द ज्यू’ केलं. डिकन्सच्या कादंबरीतला चोरांचा म्होरक्या फाशीच्या आदल्या रात्री डिकन्सलाच आपली बाजू ऐकवतो. प्रस्तावनेत आइसनर एबनीविषयीही बोलतो. आपल्यावर झालेला अन्याय माहीत असणं आणि आपल्या हातून दुसऱ्यावर झालेला दिसणं, या दोन गोष्टींमध्ये त्याची साठ वर्षं गेली.

आता ‘माउस’, नाझी छळछावणीतून वाचलेल्या बापाची मुलाने काढलेली चित्रकथा. तुम्ही ते दोनदा वाचलंय म्हणता, तर गोष्ट सांगत बसत नाही. आर्ट स्पीगलमनने बापाच्या, व्लाडेकच्या, मुलाखती टेपवर घ्यायला १९७२ मध्ये सुरुवात केली, पहिला खंड १९८६ ला आणि दुसरा १९९१ ला आला, १९९२ मध्ये विशेष पुलित्झर मिळालं. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं हे सगळ्यांना आठवतं. मला सांगायचंय ते प्राण्यांच्या अलीकडचं.

उंदराचं डोकं काढल्यामुळे नाकाचा प्रश्नच मिटला. सगळ्यांचे चेहरे जवळपास सारखे, दोन ठिपके आणि एक टोक. मग माणूस वेगळा दिसतो कशाने? हातांनी, कपड्यांनी आणि सगळ्यात जास्त बोलण्याने. पहिल्याच प्रकरणात व्लाडेक खोलीत व्यायामाच्या सायकलवर बसून पायडल मारत तरुणपणाच्या गोष्टी सांगतो आणि हँडलवरच्या हातावर छावणीत गोंदलेला क्रमांक दिसतो. मुलगा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी तो गोळ्या मोजतो आहे, बोलण्याच्या नादात त्या सांडतात, आणि दोष अर्थातच ऐकणाऱ्या मुलाचा. व्लाडेकची इंग्रजी मोडकी, शब्दांचा क्रम पोलिश-यिडिश वळणाचा. पण भूतकाळातल्या चौकटींत तोच व्लाडेक अस्खलित बोलतो, कारण तिथे तो आपल्या भाषेत बोलतो आहे. ही युक्ती डोळ्यांसमोर असूनही फार थोड्यांच्या लक्षात येते. तुमच्या आजीला ही सरळ लागू आहे. दिमोनाच्या दुकानात तिला हिब्रूचे चार शब्द फुटत नसतील, तुटक बोलत असेल. रेवदंड्याच्या चौकटीत तीच आजी खणखणीत आगरी वळणाच्या मराठीत अख्खी आळी गाजवत असेल. वाचकाला तिचं काय हरवलं ते बोलण्याच्या फुग्यातल्या भाषेवरूनच कळेल, एक अश्रू काढायला नको.

आणि मुखवटे. व्लाडेक आणि त्याची बायको आन्या पोलिश असल्याचं भासवून रस्त्याने जातात तेव्हा त्यांनी डुकराचे मुखवटे दोरीने बांधलेले आहेत. आन्या चेहरेपट्टीने जास्त ज्यू दिसायची, हे स्पीगलमन नाक लांब करून दाखवत नाही. तिच्या कोटाखालून उंदराचं शेपूट लोंबताना काढतो, व्लाडेकचं लोंबत नाही. दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला तर तो स्वतःच वहीत डोकी काढत बसलाय, फ्रेंच बायकोला कुठला प्राणी करू? बेडूक, ससा, काय काय. ती म्हणते, उंदीर, अर्थात, मी धर्मांतर केलंय. थट्टेथट्टेत पुस्तकाने विचारलं की ज्यू कोण हे ठरवतं कोण. हा प्रश्न तुमच्या आजीच्या घरातही आला होता, त्याकडे येतेच.

साच्याचं भय स्पीगलमनलाही सुटलेलं नाही. व्लाडेक कमालीचा चिक्कू आहे. अर्धवट संपलेली खोकी दुकानात परत करायला नेतो, रस्त्यावर पडलेली वायर उचलून खिशात घालतो. मुलगा पुस्तकातच सावत्र आईजवळ बोलून दाखवतो की बाप अगदी त्या वर्णद्वेषी व्यंगचित्रांतल्या कंजूष म्हाताऱ्या ज्यूसारखा उतरतोय, काय करू? आणि तरी तो बापाला गोंडस करत नाही. काळजीच पानावर ठेवतो. माझे विद्यार्थी नेहमी विचारतात की घरच्यांचं वाईट दाखवायचं का. मी त्यांना हे पान उघडून देते आणि चहा आणायला जाते.

वेगळ्या वाटेने गेलेल्या बायकांबद्दल मराठीत फार कमी बोललं जातं, म्हणून दोन ओळी. आलीन कॉमिन्स्की-क्रम्ब लाँग आयलंडमध्ये वाढली. शाळेतल्या ज्यू मुली एकीमागून एक नाकाची शस्त्रक्रिया करून, त्याच छोट्या सुबक नाकानिशी वर्गात परतायच्या. ‘नोज जॉब’ या छोट्या कॉमिकमध्ये तिने हे काढलं, आणि स्वतःचं नाक तसंच राखल्याचंही. तिची रेघ ओबडधोबड, स्वतःला ती मुद्दाम बेढब काढते. मला सुरुवातीला ती चित्रं सहन होत नसत, चित्रकलेच्या शाळेत शिकलेलं सगळं त्यांच्यावर उलटून यायचं. आता वाटतं, साचा दुसऱ्याच्या हातातून काढून घ्यायचा हाही एक रस्ता. तुमच्या पुस्तकाला तो लागू नाही, पण रेघ सुबक असलीच पाहिजे हे डोक्यातून जायला ती चित्रं बघा. मिरियम कॅटिनची ‘वी आर ऑन अवर ओन’ (२००६) मात्र तुमच्या जवळची आहे. बुडापेस्टहून खोटी कागदपत्रं घेऊन पळालेली आई आणि चिमुकली मुलगी, सगळं पेन्सिलीत, आणि पुढच्या काळातली पानं तेवढी रंगीत.

रूटू मोदानच्या ‘द प्रॉपर्टी’मध्ये आजी आणि नात तेल अवीवहून वॉर्साला जातात, युद्धात गेलेल्या घराचा हक्क शोधायला. असं कारण निदान सांगितलेलं असतं. आजी मात्र नातीला शेवटपर्यंत पुरतं खरं सांगत नाही. आणि ज्वां स्फारचं ‘रब्बीचं मांजर’ (मूळ फ्रेंच, २००२ पासून). अल्जीरियातल्या एका रब्बीचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूचं, मांजर घरचा पोपट खातं, त्यामुळे त्याला वाचा फुटते आणि पहिल्या दमात ते खोटं बोलतं, मी नाही खाल्ला. पुढे म्हणतं, मला ज्यू करून घ्या, बार मित्स्वा (ज्यू मुलगा वयात आल्याचा विधी) करा. मग रब्बी आणि रब्बींचे रब्बी यांच्याशी त्याचा वाद रंगतो आणि मांजर धर्मग्रंथाचे आधार देऊन थोरल्या रब्बींना घायकुतीला आणतं. स्फारचे वडील अल्जीरियातले, आई पूर्व युरोपीय घराण्यातली. काळी हॅट म्हणजेच ज्यू असं वाटणाऱ्या प्रत्येकाला मी हे पुस्तक देते. यात उन्हातली गच्ची आहे, फेझ टोपी आहे, कुसकुस आहे.

एवढ्या सगळ्या पुस्तकांत सारखं काय, असं विचाराल तर मला नाक-टोपी कुठेच सापडत नाही. सापडतं ते विचारणारं पोर आणि सरळ उत्तर न देणारं मोठं माणूस. याचं मूळ तुमच्या आजीच्या घरात होतं. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री हगादा नावाची पोथी वाचतात. हगादा म्हणजे आधी पोराने चार प्रश्न विचारायचे आणि मग मोठ्यांनी मिसरमधून सुटल्याची गोष्ट सांगायची. त्यात चार मुलगे येतात. एक शहाणा, एक दुष्ट, एक भोळा, आणि एक ज्याला काय विचारायचं तेच कळत नाही. चौघांना चार तऱ्हांनी सांगायचं असतं. स्पीगलमनने उघड तसं म्हटलेलं नसेल, पण टेप घेऊन बापासमोर बसलेला मुलगा मला त्या दुष्ट मुलाच्या जागी दिसतो. दुष्ट कसला, तर ‘तुम्हाला याचं काय’ असं बाहेरच्यासारखं विचारतो म्हणून दुष्ट.

हगाद्यात चित्रं काढण्याची परंपराही जुनी. जर्मनीच्या दक्षिणेकडे १३०० च्या सुमाराला लिहिलेला एक हगादा जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे, त्यात ज्यू माणसांना पक्ष्यांची डोकी काढली आहेत. का काढली यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. उंदराच्या डोक्यांच्या पावणेसातशे वर्षं आधी.

तुमच्यासाठी याहून महत्त्वाचा हगादा पुण्यात छापला गेला, १८७४ मध्ये. हिब्रू मजकूर, मराठी भाषांतर आणि चित्रं. वल्हांडणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका त्यात साड्या नेसलेल्या आहेत. दीडशे वर्षांपूर्वी कुणा चित्रकाराला तुमचाच प्रश्न पडला असेल. समोर युरोपातून आलेल्या हगाद्यांची चित्रं होती, ती जशीच्या तशी गिरवता आली असती. त्याने आपल्या बायका काढल्या. ‘हे ज्यू आहेत’ असं कुठे लिहावं लागलं नाही, कारण त्या काय करताहेत ते दिसतं.

म्हणून आजीच्या हातांकडे बघा. अव या ज्यू महिन्याच्या नवमीला, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळायच्या दिवसाला, कोकणातले बेने इस्रायल पूर्वी ‘बिरड्याचा सण’ म्हणत. उपास, आणि मग वालाचं बिरडं. तुमच्या पत्रात ओझरता उल्लेख आहे, की आजी दिमोनालाही वाल भिजत घालायची आणि शेजारच्या मोरोक्कन बाई विचारायच्या, हे काय. अहो, हे एक अख्खं प्रकरण आहे! सहा पानं द्या त्याला. वाल रात्री भिजतायत, मोड येतायत, आजी एकेक सोलते आहे, सालांचा ढीग, बोटांच्या टोकांना पडलेल्या सुरकुत्या. एका ओळीत तिच्या तोंडून ‘बिरड्याचा सण’ येऊ द्या. कशाचा शोक हे तिसऱ्या पानापर्यंत सांगूच नका. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने तुमच्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. गावाला त्यांची ओळख पटली ती बंद घाण्यावरून. चालू घाण्याच्या सहा चौकटी आणि थांबलेल्या घाण्याची सातवी, एवढ्यात काम होतं.

लेटरिंगचं, म्हणजे फुग्यांतल्या अक्षरांचं, एक. हिब्रू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे. दिमोनाच्या पानांवर लोकांच्या फुग्यांत खरीखुरी हिब्रू अक्षरं घाला आणि खाली भाषांतर देऊ नका. वाचक अडखळेल, पान कुठून वाचायचं कळेनासं होईल. आजीलाही तेच होत होतं. जसजशी वर्षं जातील तसतसे एकेक हिब्रू शब्द देवनागरीत येऊ द्या. एक सावधगिरी घ्या, हिब्रू अक्षरं येणाऱ्याकडून तपासून घ्या. एकदा एका मुखपृष्ठावर माझ्याकडून उर्दू अक्षरं उलटी छापली गेली होती, अजून कान गरम होतात.

आता मामाचं लग्न. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नांबाबत सूचना काढल्या, की इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांची आईकडची वंशावळ मागच्या पिढ्यांपर्यंत तपासावी. कोकणात किती पिढ्या शनिवार पाळला त्याचा दाखला कोण देणार? लोक चिडले, जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत असं सांगितल्यावर प्रकरण निवळलं. तुमच्या मामाचं लग्न नेमकं मधल्या वर्षातलं, आणि तुम्ही लिहिलंय की मामी रुमानियन घरातली. मामा म्हणतात काही अडचण आली नाही. मावशी म्हणते, आईला, म्हणजे तुमच्या आजीला, तीनदा कचेरीत बोलावलं, रेवदंड्याहून पत्र मागवावं लागलं, आणि त्या दिवसांत आई जेवत नव्हती. तुम्ही विचारता, कुठलं खरं धरू?

‘माउस’च्या दुसऱ्या खंडात एक पान आहे. आउशवित्झच्या नाझी छळछावणीतून कैद्यांच्या रांगा कामाला बाहेर पडत तेव्हा फाटकाशी कैद्यांचाच बँड वाजवायला उभा करत, याच्या पुष्कळ नोंदी आहेत. मुलगा बापाला त्याबद्दल विचारतो. बाप म्हणतो, बँड? नाही, मला फक्त चालणं आठवतं. चित्रकाराने आधीच्या चौकटीत बँड काढलेला आहे. बापाच्या उत्तरानंतरच्या चौकटीत चालणाऱ्यांची रांग त्याच्या पुढून जाते आणि बँड झाकला जातो. पण जवळून पाहा, डोक्यांच्या वर वाद्यांची टोकं डोकावताहेत. बाप खोटा ठरला नाही, नोंदीही खोट्या ठरल्या नाहीत, आणि पानावर एक अक्षर जास्तीचं नाही.

मामांचं लग्न तसं काढा. मामा सांगतात तसा मांडव, हसणारी रुमानियन मंडळी, फुटणारा पेला, मोठी चौकट. मामांचा फुगा वर, ‘काही अडचण आली नाही.’ आणि गर्दीत मागे, दोन खांद्यांच्या फटीत, आजी. हातात रेवदंड्याचा शिक्का असलेलं पाकीट, अजून घट्ट धरलेलं. मावशीची हकिगत नंतर कधीतरी येऊ द्या, तेव्हा वाचक पानं उलटून मागे जाईल आणि ते पाकीट शोधेल.

आणि हे पान छापायचं त्याच आकारात काढा. स्पीगलमनने ‘माउस’ छापील आकारातच काढलं, साध्या कागदावर, फाउंटन पेनने. मोठं काढून लहान केलं की रेघ सफाईदार होते, आणि ते पाकीट तेवढं सफाईदार नको आहे. काढून झालं की मला पाठवा. विळीची चौकट आहे तशीच ठेवा, तिला हात लावू नका.